आठ डबे आणि चार किलो हिंग

दोंडाईच्याला हस्तीमल शेठजींचं किराणा दुकान खाली होतं आणि घर वर. मधे एक लाकडी जिना. शेठजींच्या पत्नी चंदनबाई यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं आजवर काही अडलंही नव्हतं. घरातला एखादा जिन्नस संपला, की त्या त्याच्या रिकाम्या डब्यात कागदाचा एक कपटा टाकत आणि डबा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून देत. दुकानातला जुना हमाल जीवराम येता-जाता तो डबा खाली नेई आणि भरून आणी. एक चिठ्ठी म्हणजे एक किलो, दोन चिठ्ठ्या म्हणजे दोन. चिठ्ठीवर काय लिहिलंय हे बघायचं कारणच नव्हतं, कारण जीवरामलाही वाचता येत नव्हतं. कोणत्या डब्यात काय असतं हे त्याला डब्याला पडलेल्या पोच्यांवरून पाठ होतं.

या व्यवहाराचे दोन कायदे होते आणि ते शेठजींच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेले होते. घरातल्या बाईनं काही मागितलं तर का मागितलं हे विचारायचं नाही. आणि एकदा वर गेलेला माल पुन्हा खाली आणायचा नाही. या दोन कायद्यांवर ते घर पन्नास वर्षं सुखात चाललं होतं. मग त्या घरात इंग्रजी आलं.

इंग्रजी आलं ते सुनेबरोबर. कुसुमलता धुळ्याची. सोयरीक ठरताना तिच्या वडिलांनी, भिकमचंदजींनी, चार माणसांत हात जोडून सांगितलं होतं, "पोरीचं मॅट्रिक राहिलंय, तेवढं होऊ द्या. पुढं ट्रेनिंग करून मास्तरीण व्हायची हौस आहे तिला." हस्तीमल शेठजी त्या दिवशी खुशीत होते. त्यांनी शब्द दिला. मात्र व्यापारी माणूस शब्द देतानाही त्याला मुदत घालतो. "तीन वेळा बसू दे," ते म्हणाले, "तिसऱ्यांदाही नाही जमलं तर मग इंग्रजीचा नाद सोडायचा."

कुसुमलता बाकी सगळ्या विषयांत पहिल्या फटक्यात सुटली आणि इंग्रजीत दोनदा आपटली. एकदा चार मार्कांनी, एकदा तीन. दोन्ही वेळा घात केला तो शब्दांच्या जातींच्या प्रश्नानं. एकच शब्द दोन वाक्यांत द्यायचा आणि दोन्हीकडे त्याची जात विचारायची. कुसुमलता सरळ मनाची पोर. शब्द तोच आहे म्हटल्यावर तिनं दोन्हीकडे तीच जात लिहिली. पेपर तपासणाऱ्यानं दोन्ही वेळा अर्धेच मार्क दिले.

आता एकोणसत्तर सालचा ऑक्टोबर जवळ आला होता, परीक्षेला अकरा दिवस उरले होते आणि ही तिसरी वेळ होती. या वेळी तिनं जय्यत तयारी केली. पुड्यांसाठी आलेल्या इंग्रजी रद्दीतून शब्द कापले आणि दोनशे आठ चिठ्ठ्या तयार केल्या. माळ्यावर सणासुदीचे आठ डबे रिकामे पडले होते. शब्दांच्या जातीही आठच. बेसनाच्या डब्यात तिनं नामं टाकली, साखरेच्या डब्यात क्रियापदं, रव्याच्या डब्यात विशेषणं. बाकीच्या जाती गूळ, तूरडाळ, तांदूळ आणि खसखस यांच्या डब्यांत गेल्या. केवलप्रयोगी अव्ययं चारच निघाली, म्हणून ती सगळ्यात छोट्या डब्यात, हिंगाच्या. प्रत्येक शब्दाला एक घर नेमून दिलं, आता कुणी इकडंतिकडं जायचं नाही, असा तिचा विचार होता.

त्या दिवशी सकाळी चंदनबाई जैन स्थानकात साध्वीजींच्या व्याख्यानाला गेल्या होत्या. चौमासा चालू होता, त्यामुळे त्या रोज दीड-दोन तास तरी घराबाहेर असत. स्वयंपाकघरात उजेड कमी म्हणून कुसुमलता जिन्याच्या तोंडाशी बसली. आठही डबे तिनं वरच्या पायरीवर ओळीनं मांडले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. ती आत धावली, चूल पुसली, भांडं घासलं, आणि या सगळ्याला जो काही पाव तास लागला त्यात जीवराम दोन खेपा करून डबे खाली घेऊन गेला.

"शेठ, आज बठ्ठा, आठना आठ डबा एकदम उतरनात," जीवराम गादीसमोर डबे मांडत म्हणाला.

"किती चिठ्ठ्या?" शेठजींनी चष्मा पुसत विचारलं.

जीवराम मोजायला बसला. मोजता मोजता त्याचा आवाज खाली येत गेला. "बेसनना एकसष्ट. साखरना अठ्ठेचाळीस. रवाना पस्तीस." खसखस नऊपर्यंत येईतो तो पुटपुटत होता. शेवटचा छोटा डबा त्यानं दोनदा उपडा केला. "आनि हिंगना चार."

"चार काय?"

"चार चिठ्ठ्या शेतस. म्हंजे चार किलो."

हस्तीमल शेठजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. चार किलो हिंगात अख्ख्या तालुक्याच्या डाळीला फोडणी बसली असती. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा निर्मलकुमार, म्हणजे कुसुमलताचा नवरा, चाचरत म्हणाला, "बाबूजी, वर जाऊन एकदा विचारू का?"

"आपल्या घरात विचारत नाहीत," शेठजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरू लागलं. "अरे, तुझ्या आईनं न्यातीला, अख्ख्या समाजाला जेवण घालायचं मनावर घेतलंय. बारा वर्षं मी मागं लागलोय, तर म्हणायची, माझे गुडघे दुखतात. आज बघ, न बोलता डबे पाठवून दिले. जीवराम, पाठव सगळं वर. दुकानात हिंग दोनच किलो असेल, बाकीचा समोरून आण."

आता वर काय झालं ते ऐका. कुसुमलता बाहेर आली तर डबे नाहीत. ती हबकली. तोवर जीवराम साखरेचं पोतं घेऊन चढू लागलेला. मागोमाग बेसन. काय झालं असेल ते तिच्या ध्यानात आलं, पण करते काय. मारवाडी घरातली सून सासऱ्यांसमोर घुंघट काढते आणि त्यांच्याशी बोलत नाही. शेठजी जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून पोती मोजत होते. वरून "थांबा" म्हणायची सोय नव्हती, जीवरामला म्हटलेलंही खाली ऐकू गेलं असतं. तिनं घुंघटातून जोरजोरात मान हलवली, ती कुणाला दिसली नाही. मग तिनं बांगड्या वाजवल्या. घरातल्या बाईनं बांगड्या वाजवल्या म्हणजे काहीतरी हवंय, एवढं शेठजींना कळत होतं.

"बघ, घाई आहे त्यांना," ते जीवरामला म्हणाले, "पाय उचल."

तिनं आणखी जोरात बांगड्या वाजवल्या आणि रवा आणखी लवकर वर आला. शेवटी जीवरामनं रिकामे डबे आणि एक पिशवी तिच्यापुढं ठेवली. दुकानात कागद वाया घालवत नसत, म्हणून आठही डब्यांतल्या चिठ्ठ्या एकत्र करून पुन्हा वापरायला परत पाठवल्या होत्या. दोनशे आठ शब्द, नेमून दिलेली घरं सोडून, एका पिशवीत एकमेकांच्या अंगावर पडले होते. सहा महिन्यांची मेहनत त्या पिशवीत बघून कुसुमलताला रडूच फुटलं.

तिकडं शेठजींना आनंद आवरत नव्हता. त्यांनी निर्मलकुमारला स्थानकात पिटाळलं. जैन संघाच्या मंत्र्यांनी व्याख्यान संपता संपता उभं राहून सांगितलं, "हस्तीमलजींच्या घरून सगळ्या न्यातीला जेवण आहे. दिवस आणि निमित्त चंदनबाई सांगतील."

चंदनबाई बायकांच्या दुसऱ्या ओळीत, पाय जरा लांब करून बसल्या होत्या. आपल्या घरी जेवण आहे हे त्यांना तिथंच कळलं. दोनशे बायकांनी माना वळवल्या. पुढं बसलेल्या शेजारच्या सुगंधाबाईंनी गोड आवाजात विचारलं, "कशानिमित्त हो, चंदनबाई?"

ठाऊक नाही म्हणावं, तर नवऱ्यानं बायकोला न विचारता गाव जेवायला बोलावलं असं झालं. सुगंधाबाईंना ते पुढच्या चौमाशापर्यंत पुरलं असतं. चंदनबाईंनी क्षणभर खांबाकडे पाहिलं. खांबावर त्या वर्षी अठाई केलेल्यांची नावं लिहिलेली होती. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण यादी कशाची हे माहीत होतं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अठाई करतेय मी. त्याचं पारणं."

अठाई म्हणजे सलग आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं. आणि चंदनबाई म्हणजे ज्यांनी पर्युषणात एकवेळ जेवणाचा एकासणा केला तर एकाच जेवणात तीन वेळचं उरकलं अशी ख्याती. पण साध्वीजींचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथं, सगळ्यांसमक्ष, उद्यापासून आठ दिवसांची पच्चक्खाण दिली. पच्चक्खाण म्हणजे व्रताची शपथ, ती एकदा घेतली की सुटका नाही. सगळा समाज धन्य धन्य म्हणाला. चंदनबाईंना मात्र घरी जाऊन आधी कुणाला फाडून खाऊ असं झालं होतं, आणि खाण्यासाठी हातात आजचाच दिवस होता.

जिन्यात पोती होती म्हणून त्या आडव्या होऊन वर चढल्या. साखरेच्या पोत्यावर बसल्या. दम खाल्ला.

"बिंदणी, हे काय?" त्यांनी सुनेला विचारलं.

कुसुमलतानं सगळं सांगितलं. डबे, चिठ्ठ्या, दूध, बांगड्या, काही म्हणून लपवलं नाही. शेवटी ती हुंदके देत म्हणाली, "बाईजी, माझ्यामुळं झालं सगळं. तुम्ही बाबूजींना खरं सांगून टाका. मी परीक्षेचं नाव काढणार नाही."

चंदनबाईंना राग तर एवढा आला होता की त्यांनी तिथं पडलेली खसखशीची पिशवी उचलून उगाच दुसऱ्या कोपऱ्यात आदळली. मग त्या पुन्हा पोत्यावर बसल्या आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. रडून तिचं नाक लाल झालं होतं. मांडीवर ती चिठ्ठ्यांची पिशवी होती.

"यांना सांगितलं तर काय होईल माहितीय?" त्या म्हणाल्या. "सुनेच्या चिठ्ठ्यांनी शेठला फसवलं म्हणून बाजार हसेल. आणि यांचा राग माझ्यावर निघत नाही, तो तुझ्या परीक्षेवर निघेल. आणि माझी शपथ काय परत जायची आहे? वर आलेला माल आणि घेतलेली पच्चक्खाण, दोन्ही परत होत नाहीत."

"मग काय करायचं?"

"करायचं काय. न्यातीला जेवण, मला उपास आणि तुला परीक्षा. आपापलं काम करू." आणि उठता उठता त्या म्हणाल्या, "आज रात्रीच्या आत मात्र मला चार पुरणपोळ्या करून घाल. सूर्य बुडायच्या आत."

अठाईचा एक रिवाज आहे. तप करणाऱ्या बाईला घरकाम लावत नाहीत आणि तिच्याजवळ कायम एक माणूस बसतं. चंदनबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "माझ्याजवळ बिंदणीच बसेल. तिनं आठ दिवस चुलीकडं बघायचं नाही." स्वयंपाकघर सुगंधाबाईंनी ताब्यात घेतलं आणि सासू-सून आतल्या खोलीत गेल्या. लग्न होऊन आल्यापासून कुसुमलताला सलग आठ दिवस अभ्यासाला कधी मिळाले नव्हते. बाहेर शाता, म्हणजे खुशाली, विचारायला आलेल्या बायकांना आतून तिचं इंग्रजी पुटपुटणं ऐकू येई. त्यांना ते प्राकृतातलं एखादं स्तोत्र वाटे, आणि त्या दारातूनच हात जोडत.

पहिले दोन दिवस तिनं चिठ्ठ्या पुन्हा लावण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात "वॉटर" आला आणि गाडी अडली.

"काय झालं?" चंदनबाईंनी पडल्या पडल्या विचारलं. भुकेनं त्यांचे कान तिखट झाले होते.

"वॉटर म्हणजे पाणी, बाईजी. हे नाम."

"मग टाक नामात."

"पण गाइडात असं वाक्य आहे की माळी झाडांना वॉटर करतो. म्हणजे पाणी घालतो. तिथं त्याला क्रियापद म्हटलंय."

"मग तिकडं टाक."

"एकच चिठ्ठी दोन डब्यांत कशी टाकू?" कुसुमलता रडकुंडीला आली. "दोनदा मी इथंच नापास झालेय. शब्द तोच, मग जात निराळी कशी?"

चंदनबाईंनी डोळे उघडले. "बेसन कोणत्या डब्यात असतं?"

"बेसनाच्या."

"त्याचा लाडू केला तर?"

"मिठाईच्या डब्यात."

"शेव पाडली तर फराळाच्या. कढीला लावलं तर डब्यातच जात नाही, पातेल्यात जातं. आणि तू तोंडाला चोपडतेस तेव्हा न्हाणीत. बेसन तेच ना? मग डब्याकडं काय बघत बसलीस? त्याचं आज काय केलंय ते बघ." एवढं बोलून त्यांना एकदम भान आलं. त्यांनी क्षमा मागत हात जोडून डोळे मिटले. "उपासात खाण्याचं बोलले. मिच्छामि दुक्कडम्."

कुसुमलतानं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग तिनं गाइड ओढलं. 'साल्ट' घेतला. भाजीत साल्ट कमी आहे, इथं तो वस्तूचं नाव. आई कैऱ्यांना साल्ट करते, इथं तो काम करतोय. साल्ट पाण्यात मासे राहतात, इथं पाणी कसलं ते सांगतोय. तीन वाक्यं, तीन जाती, आणि चिठ्ठी एकच. दोन वर्षं ती शब्दांना डब्यात कोंबत होती आणि शब्द वाक्यात गेल्याशिवाय त्याला जातच नसते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाइडात ते लिहिलेलं होतं, पण गाइडाला भूक लागलेली नव्हती.

त्यानंतर दोघींचा शाळा-वर्गच सुरू झाला. कुसुमलता वाक्य वाचून मराठीत सांगे आणि चंदनबाई एकच प्रश्न विचारत, "तिथं तो करतोय काय?" बटर आला, कुक आला, ड्राय आला. प्रत्येक शब्दाला चंदनबाईंकडे एखादा पदार्थ तयार असे, आणि प्रत्येक पदार्थानंतर मिच्छामि दुक्कडम्. पाचव्या दिवशी कुसुमलताला त्यांची दया आली आणि ती 'हँड' आणि 'वॉक' असले शब्द घेऊ लागली.

"हे बरे आहेत," चंदनबाई म्हणाल्या, "यांना चव नाही."

सात डबे तिनं परत माळ्यावर टाकले. एक छोटा तेवढा खाली राहिला. "यात काय आहे?" चंदनबाईंनी विचारलं.

"ओ, आह असले शब्द. मनात आलं की नुसते तोंडातून निघतात. हे वाक्यात कुणाशी जोडलेले नसतात."

"म्हणजे आपलं अगाई. मग हिंगाचा डबा बरोबर आहे. असतं चिमूटभर, पण सगळ्या घराला कळतं."

सहाव्या दिवशी चंदनबाईंना उठून बसवेना. ओठ सुकले होते. निर्मलकुमार दाराबाहेर येऊन नुसता उभा राही आणि परत जाई. कुसुमलतानं पुस्तक मिटलं आणि त्यांचे पाय धरले.

"बाईजी, साध्वीजींना सांगून सोडा हा उपास. पाप लागलं तर मला लागू दे. मी यंदा परीक्षेला बसत नाही."

"तू बसली नाहीस," चंदनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तर मी सहा दिवस उगाच उपाशी राहिले असं होईल. आठवीत माझं नाव शाळेत घालणार होते, घातलं नाही. माझं सोड. तू ते पुस्तक उघड."

आठवीत म्हणजे वयाच्या आठव्या वर्षी. कुसुमलतानं पुस्तक उघडलं. पुढचा अर्धा तास तिला एक अक्षर दिसलं नाही. जन्मदात्या आईनंही आपल्यासाठी एवढं केलं नसतं असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते तसंच बोलूनही दाखवलं. चंदनबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला तेवढं वजन कुठं आहे," आणि कूस बदलून पडल्या.

नवव्या दिवशी पारणं झालं. चंदनबाईंना बग्गीत बसवून बँड लावून मिरवलं. सगळी न्यात जेवली, बेसनाचे लाडू दुसऱ्या दिवशीही पुरले. हिंग एवढा होता की सुगंधाबाईंनी हात सैल सोडला आणि स्टेशनपर्यंत वास गेला. हस्तीमल शेठजी पंगतीतून हात जोडत फिरत होते. "एवढी मोठी तपस्विनी माझ्या घरात होती आणि मला पत्ता नाही," असं ते ज्याला त्याला सांगत होते, आणि सांगताना त्यांचे डोळे खरोखरच भरून येत होते.

दोन दिवसांनी कुसुमलतानं धुळ्याला इंग्रजीचा पेपर दिला. शब्दांच्या जातींचा प्रश्न होताच. प्रत्येक अधोरेखित शब्दापाशी तिला आतल्या खोलीतला तो कोरडा आवाज ऐकू येत होता, तिथं तो करतोय काय. डिसेंबरात निकाल लागला. ती एकसष्ट मार्कांनी पास झाली. शेठजींना सुनेशी बोलता येत नव्हतं. त्यांनी जीवरामबरोबर पेढ्यांचा डबा वर पाठवला, आणि जूनमध्ये जळगावला ट्रेनिंगच्या कॉलेजात तिचं नाव घातलं.

जळगावला ती प्रेमकुंवर मावशींकडे राहू लागली. ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी जीवराम पॅसेंजरनं उतरून दारात उभा राहिला. त्यानं पडवीत ओळीनं आठ डबे मांडले. शेव होती, मठरी होती, सात डब्यांत सात प्रकार होते. आठवा छोटा होता. कुसुमलतानं तो उघडला. आत काही नव्हतं. तळाशी कागदाचा एक कोरा कपटा होता.

"जीवरामभाऊ, हा रिकामा कसा?"

"माले काय माहीत, वहिनी. बाईनी सांगं, तिले समजी जाई."

कुसुमलतानं तो कपटा उलटून पाहिला. दोन्ही बाजूंनी कोरा. नवी मास्तरीण होऊ घातलेली ती बाई तो वाचत बराच वेळ पडवीत बसली. रिकाम्या डब्यातली चिठ्ठी म्हणजे संपलंय, भरून द्या. हे तिला कुठल्याही गाइडाशिवाय येत होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळचं कॉलेज सुटल्यावर ती गाडीत बसली आणि दुपार कलता कलता दोंडाईच्याला घराचा जिना चढली. चंदनबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं, आणि पुन्हा चुलीकडे तोंड केलं.

"का गं, अशी अचानक?"

"डबा मिळाला, बाईजी."

"कोणता? हां, तो." चंदनबाई फुंकणी शोधू लागल्या. ती त्यांच्या हातातच होती. "हिंग संपला म्हणून चिठ्ठी टाकली होती मी त्यात. जीवराम वेंधळा, तो खाली न्यायचा सोडून तुझ्याकडं घेऊन आला."

कुसुमलतानं फळीकडे पाहिलं. न्यात जेवून गेल्यावर उरलेला साडेतीन किलो हिंग दुहेरी पोत्यात बांधून तिथं ठेवलेला होता. आताच्या बेतानं तो पंधरा वर्षं तरी हलणार नव्हता. चुलीवर चहाचं आधण होतं, दोघींपुरतं. शेजारी परातीत पुरण वाटून तयार होतं.

हिंग कसा संपला, हे तिनं विचारलं नाही. घरातल्या बाईनं काही मागितलं तर का मागितलं, हे त्या घरात विचारत नसत. तिनं पदर खोचला, पोळपाट ओढला आणि सासूच्या शेजारी बसली.